काळ्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची

११ जानेवारी, नैरोबी

घेतली! काळं अंग, तोंड पांढरंशुभ्र, थेट मत्स्यगरुडाचा रंग. दक्षिण सुदानातल्या आमच्या दिंका माणसांत या रंगाच्या बैलावर गाणी रचतात.

मुटिस्या जुन्या मोटारसायकली विकतो, दुरुस्तही करतो. तोंड दोन्हीपेक्षा जास्त चालतं. म्हणाला, "बाई, ती करडी घ्या. उंच आहे, तुमच्या पायांना आहे तश्शी बसेल. ही ठेंगणी आहे हो."

"करडी नको."

"गाडी घेताय की बैल?"

"बैल!"

तो हसत सुटला. मी मनापासून बोलले होते.

१२ जानेवारी

मेल्याचं खरं होतं. हँडल पूर्ण वळवलं की गुडघ्यावर आपटतं. पुढची काच एवढीशी, सगळा वारा हनुवटीवर. थिका रोडवर हेल्मेट असं डुगडुगलं की दात वाजले. उतरले तर कंबर सरळ होईना.

रंग बघितला आणि स्वतःचे पाय विसरले! ही चूक फक्त आमच्यातलंच माणूस करू जाणे. गावी, बोरला भावांना फोटो पाठवला होता, सगळ्यांची उत्तरं आली — रंगाबद्दल. इंजिन केवढं, हे एकानंही विचारलं नाही.

परत करू? छे!

१५ जानेवारी

काकांचा फोन, बोरहून. मुलाकडचे लोक येऊन गेले. माझ्याबद्दल द्यायच्या गायींतल्या काही आणूनही बांधल्या. माणूस चांगला असेलही, मला नको आहे.

काकांना माझी उंची भारी प्रिय. लहानपणी दाराशी उभी करायचे, भाल्याच्या दांड्याशी मापायचे आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगायचे — "आध्यूच्या अजून दोन गायी वाढल्या रे!" सगळे हसायचे, मीही हसायचे. उंच मुलीच्या गायी जास्त, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी स्पष्ट नाही म्हटलं. तर म्हणाले, "फोनवरचं नाही म्हणजे वारा, पोरी. इथं ये. सगळ्यांसमोर उभी राहून बोल." रीतच आहे तशी, त्यात त्यांचं चुकलं नाही. पौर्णिमेला माणसं जमणार. त्यानंतर मी कितीही नाही म्हटलं तरी लग्न झालेलंच.

आईला फोन द्या म्हटलं. बाबा गेल्यावर रिवाजानं आई काकांच्या घरी त्यांची बायको म्हणून गेली. फोन काकांचा, तोही स्पीकरवर. आई म्हणाली, "काका म्हणतात तसं कर."

हे मात्र लागलं. फार लागलं.

विमानानं नाही जाणार. विमानानं गेले की काका न्यायला येतात आणि त्यांच्या मनात येईल तेव्हाच सोडायला येतात. मी माझी जाईन, माझी येईन. ऑफिसातून रोज ट्रक सोडते त्या रस्त्यानं — मलाबाची हद्द, युगांडातलं गुलू, निमुलेची हद्द, मग जुबा. कुठल्या वळणावर डांबर उखडलंय, सगळं पाठ आहे. पाहिलेलं मात्र काहीच नाही.

पण आधी गाडी मापाची व्हायला हवी. अशा कंबरेनं मलाबासुद्धा दिसायची नाही.

१९ जानेवारी

मुटिस्यानं गाडीवर बसवून टेप लावली. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच. मी उगीच श्वास रोखून धरला. त्यानं आकडा बघितला, शीळ घातली आणि म्हणाला, "फुटरेस्ट खाली. गादी वर. हँडल उचलून मागं. काच नवीनच करू."

बस्स. उंची ऐकून कुणी गायी मोजल्या नाहीत! इतकं हलकं वाटलं की घरी येताना गरम तळलेल्या मंडाझी घेतल्या आणि रस्त्यातच संपवल्या.

२३ जानेवारी

आज फजिती. फुटरेस्ट खाली घेतले, पण गिअरची दांडी होती तिथंच ठेवली शहाण्यानं! चौकात पाय नुसता हवेत शोधतोय. मागे मताटूवाल्यांचे, म्हणजे मिनीबसवाल्यांचे भोंगे, शिव्या. ढकलत परत आणली.

"जरा राहिलं," मुटिस्या म्हणाला.

"जरा? मीच राहिले असते तिथं!"

दांडी बसवली, वरून चहा पाजला. गादी अजून फार फुगीर आहे, मेंढीवर बसल्यासारखं वाटतं. फोम कापायला सांगितला.

२७ जानेवारी

झाली!

न्गाँगच्या टेकड्यांपर्यंत जाऊन आले. वारा डोक्यावरून जातो. गुडघे गुडघ्यांच्या जागी, हात हातांच्या. खाट, टेबल, मताटू, चर्चचा बाक — जन्मभर सगळीकडे मी घडी घालून बसले. आज नाही. वर एका झाडाखाली थांबून थोडी रडले. आनंदानंच.

मुटिस्याला सांगितलं तर म्हणाला, "करडी घेतली असती तर पहिल्या दिवशीच रडला असतात."

२ फेब्रुवारी, गुलू

कंबर शाबूत! ट्रकवाल्यांनी ओळखलं — "फोनवर ओरडणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?"

५ फेब्रुवारी, बोर

पोचले. अख्खी वस्ती गाडीभोवती. काका दोनदा गोल फिरले. "तोंडाचा पांढरा कसा स्वच्छ उतरलाय! कान मात्र लांब आहेत हो." आरशांना म्हणत होते. मग म्हाताऱ्यांचा रंगावर वाद. जेवण निवलं तरी संपेना.

आई माझ्याजवळ येऊन बसली. मी उठून गाडीवरचं सामान उतरवायला गेले. राग होताच.

७ फेब्रुवारी

बोलले. सगळी माणसं जमली होती, मुलाकडचेही. उभी राहिले आणि म्हटलं, "माणूस चांगला असेल. मला लग्न करायचं नाही. गायी माघारी न्या."

काका म्हणाले, "एवढी उंच वाढवली, ती मान वर करून नाही म्हणायला!" आणि उठून गेले. जेवलेही नाहीत.

आई बायकांत बसली होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी काकांनी स्वतः गायी सोडून मुलाकडच्यांना माघारी दिल्या. मग गाडीवरची धूळ पुसून गेले. काकांवर रागवावं तरी कसं!

निघताना आई गाठोडं घेऊन उभी. "जुबापर्यंत सोड. मावशीला बघून येते." काका म्हणाले, "जा, लवकर ये."

मी सगळं पुढचं मापात बसवलेलं, मागचं होतं तसंच. आईचे पाय माझ्याहून लांब! तिचे गुडघे दोन्ही बाजूंनी पंखांसारखे बाहेर. पोरं हसून लोळली. आईही हसली. तिला असं हसताना बाबा असतानाच पाहिलं होतं.

९ फेब्रुवारी, जुबा

मावशीकडे मुक्काम. आई म्हणते, "निमुले कसं आहे ते बघायचंय. तेवढं दाखव, मग मी बसनं परत येईन." तिला कुठे काही बघायला मिळालंय? म्हटलं, चल.

१० फेब्रुवारी, निमुले

बसस्टँडवर थांबले, तर आई उतरेचना. म्हणाली, "पुढे चल." हद्दीच्या चौकीत शिपायानं तिला विचारलं, "आई, किती दिवसांसाठी जाताय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. फोनवर कधी ऐकला नव्हता असा मोकळा आवाज.

"परत यायचं नाही."