वाटीपुढची जागा

३ मार्च
काम मिळालं! म्हणजे अर्धं मिळालं. डॉक्टरबाईंच्या शरीररचनेच्या पुस्तकासाठी आधी नमुन्याचं एक चित्र — गुडघा, बाजूने पाहिलेला, कातडीच्या आतलं सगळं दाखवणारा. पसंत पडलं तर पुस्तकातली साठही चित्रं माझी. आता फुकटात पाय देणारा माणूस हवा. घरात एकच आहे.

४ मार्च
बाबा पँट दुमडून खिडकीपाशी ऐटीत उभे! "तीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, पण आपलं चित्र कुणी काढलं नव्हतं बुवा." दहा मिनिटांत चुळबुळ सुरू.
"हलू नका ना, बाबा!"
"मी कुठे हलतोय? गुडघा हलतोय."
आई आतून — "चेहरा येणार नाही ना त्यात? मग बरं."

६ मार्च
बाहेरची रेघ झकास. आत मांडीचं हाड, नडगीचं हाड, मध्ये कूर्चेची चकती — सगळं लायब्ररीतल्या पुस्तकात बघून बसवलं. घोडं अडलं गुडघ्याच्या वाटीपाशी. वाटी आणि कातडी यांच्यात चांगली बोटभर जागा उरते! पुस्तकात जेमतेम रेघेएवढी. पुस्तकवाल्याने डोळे मिटून काढलंय बहुतेक. मी चरबी भरून टाकली.

७ मार्च
चित्र दिलं.

१० मार्च
बाई बराच वेळ बघत होत्या. "हात छान आहे तुमचा. पण मला निरोगी गुडघा हवा होता. हा कुणाचा?"
वडिलांचा, म्हटलं.
"फरशीचं काम करतात का?"
मी चाट! चित्रात ना चेहरा ना नाव. म्हणाल्या, वर्षानुवर्षं गुडघे टेकून काम केलं की वाटीपुढची पिशवी सुजते, त्यात पाणी भरतं. "दुखत असणार त्यांना. घेऊन या."
आणि मला वाटायचं, गुडघा असाच असतो! जन्मापासून तोच तर बघत आले. म्हणे चित्रकार! फार लाज वाटली.

११ मार्च
"मला काय धाड भरलीय? डॉक्टर म्हणणार काम बंद करा. मग घरी बसून माशा मारू?" — बाबा. डबा उचलून निघालेसुद्धा. जिन्यात मध्येच पावलं थांबली. रोज थांबत असतील. मी आजच ऐकलं.

१२ मार्च
आईला आरसा धरायला लावून स्वतःचाच गुडघा काढला. वाटीपुढे रेघेएवढी जागा. पुस्तकवाल्या, माफ कर रे बाबा!

१४ मार्च
दुसरं चित्र पसंत! साठही चित्रं माझी!!! बाबा म्हणतात, "माझ्या गुडघ्याची कृपा." म्हटलं, तुमचा नापास झाला! खूप हसलो. दवाखान्याचा विषय काढला, तर अंघोळीला गेले.

१५ मार्च
बाबांनी दोन्ही चित्रं मागून घेतली. शेजारी-शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहिली. मग माझ्या गुडघ्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "माझाही असाच होता." आणि चित्रं परत देत — "किती वाजता जायचं म्हणालीस बाईंकडे?"