अकोल्याहून येणारे शब्द

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजची अक्षरं — आर, ई, टी, ए, आय, एन, एस. मी सातही एका फटक्यात वापरली, 'रिटेन्स'! एकटीच हसले. आणि बाबांनी लावलं काय, तर 'टी'. चहा!

हे बाबांचं काय चाललंय? फोनमधल्या या खेळात सात इंग्रजी अक्षरं येतात, त्यातून एक शब्द मी काढायचा, एक त्यांनी. चुकीचा शब्द खेळ घेतच नाही. मी कॉलेजसाठी अमरावतीला आले तेव्हा त्यांनीच सुरू केला होता. सगळी नोकरी पोस्टात, पण इंग्रजी पेपरातली शब्दकोडी सोडवून सोडवून भाषा अशी पक्की केली की मला कधी जिंकू दिलं नाही. 'पायल, घाई नाही कराची' म्हणायचे.

गेल्या वर्षी गजेंद्रशी लग्न केलं, त्या दिवसापासून बोलत नाहीत. आपण बौद्ध, तो चांदूर बाजारच्या कुणब्यांचा. बाबांनी एवढंच विचारलं होतं — 'त्याईच्या घरात तुले कोनी आपलं म्हणन काय?' मी म्हटलं, गजेंद्र म्हणतो ना. ते उठून गेले. त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं, सासरहून लग्नाला कुणी आलं नाही. पण म्हणून मुलगी टाकायची?

खेळ मात्र थांबला नाही. लग्नानंतर आठवडाभर काही नव्हतं, मग एका दुपारी शब्द आला. तेव्हा किती रडले होते मी.

९ नोव्हेंबर, रविवार

'रॅट', 'सिट', 'ईट'. पहिलीतले शब्द. लग्नाआधी असे नव्हते खेळत.

रागानं खेळतात का? की मी अजून त्यांच्या लेखी पाटीवर गिरवणारी पोर? शब्द येतात तेही भर दुपारी. बाबांची दुपारची झोप म्हणजे घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. माझ्यापायी ती झोपही उडाली असेल. जीव तुटतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितलाय. वजन ठीक, बाळ ठीक. पायाला सूज.

खालच्या बेबीताईंनी आज पुन्हा विचारलं, माहेरी केव्हा जाणार? पहिलं बाळंतपण माहेरी — आमच्याकडे हे कुणी सांगायलाही लागत नाही. सातव्या महिन्यात माहेरचं कुणी तरी येतं, पोरीला घेऊन जातं. माझा नववा चालू आहे. बेबीताईंना म्हटलं, जाईन. खोटं!

संध्याकाळी आईला फोन केला. 'बरी हायस ना? जेवत जाय.' मागून बाबांचा खोकला ऐकू आला आणि तिनं फोन ठेवला. दर वेळी हेच. आईचा इतका राग येतो! बाबांनी निदान खेळ तरी ठेवला. तिनं काय केलं माझ्यासाठी? नवऱ्याच्या मागे उभी राहिली, बस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजची अक्षरं — एच, ओ, एम, ई, सी, टी, एल.

मोठा शब्द शोधलाच नाही. 'होम' लावला. बाबांकडून 'द' आला. मग मी 'कम' लावला. घर, येणं — याहून स्पष्ट काय सांगू? मला येऊ द्या, न्यायला या, कसंही घ्या. मला घरी यायचंय. भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. गजेंद्र जवळ आहे, पण त्यालाही काही ठाऊक नाही, तो माझ्याहून घाबरलेला.

आता वाट बघायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर आलं. 'हॉट'.

बाबांना कळलं नाही, हे शक्यच नाही. त्यांना कळलं. कळूनच टाळलं.

मी पुढचा शब्द लावलाच नाही. पाळी माझी आहे, राहू दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गजेंद्र म्हणाला, मी जातो अकोल्याला, पाया पडतो त्याईच्या. मी म्हटलं, पाय ठेवायचा नाही तिथे. त्यानं उठून माझ्या पायांना तेल लावलं. दवाखान्यात मी रजा टाकून राहीन म्हणतो. त्याच्या ऑफिसात हसतील त्याला. हसू देत.

बाळा, तुझ्या आजोळचं कुणी नाही, असं समजून ये. मी तरी समजून घेतलंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आई आली! अकोल्याहून बसनं, एकटी. जन्मात एकटी बसली नव्हती बसमध्ये. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची बाळोती, सगळं पिशवीत कोंबलेलं.

मी दारातच विचारलं, बाबांनी पाठवलं?

'ते कायले पाठवते? तुह्या लग्नाच्या दिवशीच त्याईनं तो फोन कपाटात फेकला, दुसरा घेतला. मीच खेळून रायली होती वं. ते झोपले का तो फोन काढो. मले एबीसीडीच येते, अर्थ कुठून येते? अक्षरं लावून लावून पाहो, घेतलं त घेतलं. तुह्ये ते दोन शब्द शेजारच्या संध्याबाईले इचारले. तिनं अर्थ सांगतला. मंग मी त्याईले म्हटलं, पोरीले घरी आना. ते नाई म्हणले.' पिशवी खाली ठेवली तिनं. 'तुले माहेरी नेता येत नाई मले. म्हून मी आली.'