अष्टमी-नवमीत हुकलेल्या प्रवेशाबद्दल

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
दक्षिणदीप ऑनलाइन विद्यापीठ,
विद्यार्थी साहाय्य कार्यालय, कोडंबाक्कम, चेन्नई.

विषय : होकार कळवण्यास उशीर झाल्याने बंद केलेला बी.कॉम.चा प्रवेश पुन्हा उघडण्याबाबत.
संदर्भ : ३ जूनची आपली लिंक, जी आता उघडत नाही.

महोदय,

मी खाली सही करणारी, राहणार वेस्ट मांबलम. आपण मूळचे साताऱ्याचे असल्याचे आपल्या समुपदेशक देविका यांच्याकडून कळले, म्हणून मराठीत लिहिण्याचे धाडस केले आहे. आमची मराठी तंजावरची. कुठे अडखळल्यास सांभाळून घ्यावे.

१) बी.कॉम.चे दुसरे वर्ष होताच माझे लग्न झाले व तिसरे राहून गेले. ते ऑनलाइन पूर्ण करावे असे यंदा ठरले. माझे पती विजयेंद्र यांच्या मते मोबाइलवर दोन बटणे दाबली की काम झाले. सासूबाई अलमेलू यांच्या मते एवढी मोठी गोष्ट स्थळ पाहिल्याशिवाय ठरवायची नसते. आमच्या घरी कोणाचे चालते हे आपणांस सांगणे न लगे.

२) स्थळे पाहण्याचा सासूबाईंचा अनुभव दांडगा आहे. पहिल्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात हिरवळीवर हसणारे विद्यार्थी होते. ऑनलाइन विद्यापीठाला हिरवळ कशाला, असे विचारून त्यांनी ते बाजूला ठेवले. दुसरे विद्यापीठ दिवसभर फोन करून आजच फी भरल्यास सवलत देत होते. एवढी घाई करणाऱ्या घरी मुलगी द्यायची नाही, असे सासूबाईंनी त्यांनाच फोनवर सुनावले. मागाहून मी मान्यताप्राप्त विद्यापीठांची सरकारी यादी पाहिली, तर त्यात त्यांचे नावच नव्हते. तेव्हापासून घरात माझे काही चालत नाही.

३) आपले नाव यादीत सापडले, म्हणजे घराणे चांगले. मग शनिवारी आम्ही आपल्या कार्यालयात आलो. देविका यांनी कॉफी दिली. घरी बसून परीक्षा देताना कॅमेऱ्यातून कोण पाहणार आणि त्या बिचाऱ्याला जेवायची सुट्टी असते का, हे सासूबाईंनी विचारून घेतले. खालच्या औषधाच्या दुकानातही आपल्या वागणुकीची चौकशी झाली. लिफ्ट बंद असते, पण माणसे बरी आहेत, असे कळले. देविका यांनी दिलेल्या माजी विद्यार्थ्यांचे नंबर मात्र सासूबाईंनी घेतले नाहीत, कारण मुलाकडचे आपल्या मुलाला नावे ठेवत नाहीत. त्यांनी स्वतःच्या ओळखीतून हरिप्रिया नावाची आपली माजी विद्यार्थिनी शोधली. निकाल उशिरा लागतात, पण पदवी तिच्या ऑफिसने विनातक्रार मानली, असे ती म्हणाली. आपण सर्वांना पसंत पडलात.

४) आता चूक कुठे झाली ते लिहिते. पाहायला गेलेल्या घरी आम्ही तिथल्या तिथे होकार देत नाही. घरी जाऊन कळवतो म्हणून उठतो. देविका यांनी फॉर्म पुढे केला तेव्हा माझा हात पेनाकडे गेला होता, पण सासूबाई उठल्या. नंतर आपली लिंक आली ती नेमकी अष्टमीला. दुसऱ्या दिवशी नवमी. या दोन तिथींना आमच्याकडे शुभकार्याचा होकार जात नाही. आज दशमीला सकाळी आंघोळ करून लिंक दाबली, तर 'आपणांस रस नसल्याने प्रवेश बंद करण्यात आला आहे' असे उत्तर आले. महोदय, एवढी चौकशी रस नसलेल्या माणसांनी केली असेल का?

५) माझ्या जुन्या दोन वर्षांचे गुण जुलैच्या तुकडीपर्यंतच धरले जातील, असे देविका यांनीच बजावले होते. ही तुकडी गेली तर मला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. तेवढे बळ माझ्यात नाही, हे स्पष्टच लिहिते.

६) सासूबाई मला पाहायला आल्या तेव्हा मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि परत आत गेले. त्यांनी घरी जाऊन माझ्या वडिलांना पत्र घातले, वडिलांनी उलट टपाली होकार लिहिला. संसार सुखाचा आहे, तक्रार नाही. पण त्या दोन्ही पत्रांत माझे अक्षर नव्हते. आज हे सासूबाईंना म्हटले, तर कागद-पेन माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, या वेळी पत्र तूच लिही.

त्याप्रमाणे लिहीत आहे. माझा होकार आहे. तो घ्यावा, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. श्रीरंजनी विजयेंद्र राव
५ जून २०२५

सोबत : पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिका.

ता.क. : अर्जाच्या चारही कोपऱ्यांवरचे पिवळे डाग हळदीचे आहेत. सासूबाईंनी लावली आहे. कृपया खराब कागद म्हणून परत करू नये.