लाल गाडीचे ब्रेक आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त लघुलेखक, न्यायालयात आयुष्यभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे टंकून आता स्वतःचे लिहावयास बसले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाच्या झडपेबद्दल तसे म्हणता येत नाही, म्हणून उद्या शस्त्रक्रिया आहे. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव असता तर एका जागी बसले तरी असते. दर दोन ओळींनी उठून खिडकीतून खाली उभी असलेली गाडी पाहून येते आहे.

माझ्यामागे माणसे दोनच. धाकटी बहीण, जी नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली ती आजतागायत, आणि तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा.

कलम १. राहते घर धाकटीच्या नावे. स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसली आहे, ती सुताराकडून तासून घ्यावी. मी कायम ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत आले.

कलम २. बँकेतली शिल्लक दवाखान्याचे देणे भागवून उरेल ती धाकटीची. भाच्याने तीत लक्ष घालू नये. लक्ष घालायचेच तर नोकरीत घालावे.

कलम ३. काळे पडलेले, जळके ब्रेक पॅड जुन्या वर्तमानपत्रात बांधून जिन्याखाली ठेवले आहेत. ते मी बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदारास देते. दुकानात गिऱ्हाईक असेल अशाच वेळी ते त्याच्या गल्ल्यापाशी मांडावेत. कारण नमूद करणे आवश्यक आहे.

निवृत्त झाले तेव्हा मी दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. लागला होता, आणि सुखाचा होता. या दुकानदाराने अस्सल म्हणून नकली पॅड गळ्यात मारले. गेल्या पावसाळ्यानंतर धाकटीला शेजारी बसवून डोंगर उतरत असताना जळका वास आला. मी पाय दाबला. पेडल दगडासारखे घट्ट, आणि गाडी आपली चाललीच आहे. गियर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला, शेवटी डाव्या बाजूच्या मातीच्या दरडीला गाडी घासत नेली तेव्हा ती थांबली. मला खरचटलेसुद्धा नाही. धाकटीचे गळपट्टीचे हाड मोडले. ती मला एक शब्द बोलली नाही. नुसती गाडीत बसेनाशी झाली. बोलली असती तर मी भांडले असते. न बोलणाऱ्याशी कसे भांडणार?

गॅरेजातल्या मिस्त्रीने चाके काढून दाखवली. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. पॅड ज्या लोखंडी तबकडीला चिमटा घेतात, ते रोटर निळे पडून त्यांना केसाएवढे तडे गेले होते. म्हणजे दोन्ही बदलणे आले.

इथून माझी झोप उडाली. भाचा म्हणाला, “मावशी, तू आता चालवू नकोस, गाडी मला दे,” आणि माझ्या होकाराची वाट न पाहता त्याने शर्यतीचे पॅड आणि भोके पाडलेले चकचकीत रोटर मागवले. मला साधे, सपाट रोटर आणि रस्त्यावरचे चांगले पॅड हवे होते. पण माझा तरी भरवसा काय? एकदा भरवशानेच फसले होते. मिस्त्रीला विचारले तर तो म्हणे दोन्ही चांगले, तुम्ही म्हणाल ते बसवतो. त्याला कोणाचीच नाराजी नको होती. मी रोज गॅरेजला खेटे घालायची, दोन्ही तबकड्यांवरून बोट फिरवायची आणि काहीच न ठरवता परत यायची. झडपेच्या तपासणीलाही मी इतकी तगमगले नव्हते. माझ्यामागे ही गाडी भाच्याकडे जाणार, हे मला दिसत होते. तो वळणावर पाय दाबेल तेव्हा काय होईल, एवढेच डोक्यात फिरायचे.

एका सकाळी धाकटी न सांगता गॅरेजमध्ये आली. हात अजून झोळीत होता. मुलगा भोकांनी रोटर कसा थंड राहतो ते सांगत होता. तिने ते ऐकून घेतले आणि मिस्त्रीला विचारले, “सकाळी गाडी थंड असताना, पाव आणायला निघाले आणि कोपऱ्यावर पोर आडवं आलं, तर यातलं कोणतं थांबवेल?”

मिस्त्री घुटमळला. मग म्हणाला, शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. थंड असताना साधेच बरे. भोकांपाशी तडे लवकर जातात, हेही मग त्याच्या तोंडून निघाले.

“मग साधेच बसवा,” धाकटी म्हणाली. “गाडी कुठे जाते ते या दोघांनी बघावं. ती थांबते कुठे, ते मी बघणार.”

भाचा दोन दिवस फुगून होता. पण ब्रेकचे तेल बदलून नवे पॅड बसले, आणि ते रोटरवर रुळवायला रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता कमी करायचा, पुन्हा घ्यायचा, असे करावे लागले, तेव्हा शेजारी तोच बसला होता. चार-पाच खेपांनंतर पेडल पायाखाली भरीव लागू लागले. मग मी त्याला चालवायला दिले. डोळे मिटून बसायचे ठरवले होते, जमले नाही. त्याने बेताने चालवले. उतरल्यावर शर्यतीच्या पॅडचा आणि रोटरचा डबा स्वतःच परत करून आला.

कलम ४. सबब, लाल गाडी मी भाच्यास न देता धाकटीस देते. तिला गाडी चालवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. किल्ली तिच्याकडे राहील. भाच्याने दर वेळी मागून घ्यावी. तिने कारण विचारल्यास सांगावे, आणि तिने नाही म्हटल्यास बसने जावे. जॅक आणि पाने मात्र भाच्याचे, बिनशर्त.

कलम ५. मिस्त्री साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला ठेवलेले रद्द ठरते. त्यामुळे त्याला काही नाही. त्याने यापुढे विचारण्याआधीच खरे सांगत जावे.

एवढे आत्ताच धाकटीला वाचून दाखवले. गाडीचे कलम ऐकून तिने माझी दवाखान्याची पिशवी उचलून दारापाशी ठेवली, दुसरी स्वतःची भरली आणि म्हणाली, “उद्या गाडीनंच जाऊ. तू बसायचंस, तो चालवेल.” मी म्हटले, सीट दोनच आहेत, तू कशी येणार? ती म्हणाली, “मी आधीच्या बसने जाऊन दारात उभी राहते. तो कसा थांबवतो ते मला बाहेरून बघायचंय.”

वरील मजकूर वाचून, समजून, उभ्यानेच सही केली.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सकाळ

सही: थोरली

साक्षीदार:
१. मिस्त्री (हात पुसून सही केली)
२. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका (शुद्धलेखन त्यांनी तपासले; मजकुराशी संबंध नाही)