बोर्डात कोणता निबंध लिहायचा

सोमवार, संध्याकाळ

सरिताने आज वर्गात विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

दहावीच्या साऱ्या वर्गाने इंग्रजी निबंधात गाईडमधले थंड हवेचे ठिकाण उतरवले. तिने एकटीने मोहफुले वेचण्यावर लिहिले. वाघाला चाहूल लागून त्याने दूर जावे म्हणून जंगलात मायलेकी मोठ्याने बोलत राहतात. इंग्रजी मोडकेतोडके.

"बाई, बोर्डात हेच लिहू का? नापास झाली तं माय शाळेतून काढीन म्हणते."

गाईडने ती नक्की पास होईल. मग मी का अडखळले? काय बोलत असतील त्या मायलेकी, इतक्या मोठ्याने?

शाळा सुटताना तिला फाटकाशी गाठले. "हेच लिहायचं. उद्यापासून रोज माझ्याकडे यायचं. कंटाळा चालणार नाही."

नापास झाली तर तिच्या आईला काय सांगू, सुचत नाही.

तिचे गाईड घेतले. माझा कॉलेजातला शब्दकोश दिला.