अंजू वर्गातच होती

प्रिय अप्पा,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र मात्र अव्वा समोर उभी राहून तुम्हाला वाचायला लावेल, माझीच आई आहे ती, हे मला पक्कं ठाऊक आहे. नीटची परीक्षा तोंडावर आलेली, आणि तुम्ही आपल्या धाकट्या अंजूला लातूरच्या क्लासमधून ट्रंकेसकट उचलून देवणीला घरी आणून बसवलंत. का, तर मोबाइलवर चार दिवस ‘गैरहजर’ दिसलं. लिहून आलंय म्हणजे हायच, असं शरणप्पा मामांना सांगितलंत म्हणे.

आता माझं ऐका. त्या क्लासचं हे हजेरीचं पान दुरुस्तीला आमच्याच ऑफिसात आलं आणि मी ते उघडून बघितलं. सकाळी क्लास भरला की सगळ्या गावांतले आईबाप एकदमच मोबाइल उघडतात. तुमच्या मोबाइलवरचं पान आतल्या आत सर्व्हरला विचारतं, पोरगी आली का. तिथं लई गर्दी झाली की सर्व्हर उत्तर धाडतो, पण कोरं. पाकीट आलं, आत चिठ्ठीच नाही, तसं. पान लिहिणाऱ्या शहाण्यानं काय केलं, ‘आली’ असं उत्तर नसेल तर सरळ ‘गैरहजर’ छापायला सांगून ठेवलं. उत्तर कोरंही येऊ शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दारावर अंगठा लावायचं यंत्र आहे ना, त्यात त्या चारही दिवशी अंजूची नोंद आहे. मी स्वतः जाऊन बघून आले.

आता मी ते बदललंय. कोरं उत्तर आलं तर पान जरा थांबतं, पुन्हा विचारतं, आणि तरी काही आलंच नाही तर ‘अजून माहिती मिळाली नाही’ एवढंच सांगतं. क्लासचे मालक कुरकुरले, पालक चिडतील म्हणाले. चिडू द्या म्हटलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायला लाज कशाची?

आणि हे मी तुम्हाला काय शिकवू? भूकंप झाला तेव्हा तुम्ही किल्लारीकडं आत्याला शोधायला गेलात आणि तुमचा निरोपच आला नाही. मी तेव्हा अव्वाच्या कडेवर. भावकीनं ठरवूनच टाकलं की तुम्ही गेलात, आणि देह हाती यायच्या आधीच तुम्हाला माती द्यायला मळ्यात खड्डासुद्धा खणायला घेतला. अव्वानं त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं. निरोप आला नाही एवढंच कळलंय, म्हणाली, आणि पुन्हा माणूस धाडला. तो रिकाम्या हातानं परतला तर आणखी एक धाडला. तो तुम्हाला घेऊनच आला. पाहुण्यांना ही गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगता, अप्पा.

काल अव्वाशी बोलले. तुम्ही अंजूला समोर बसवून विचारलंत, क्लासच्या नावाखाली कुठं जात होतीस. ती मान खाली घालून गप्प राहिली, आणि तुम्ही ती कबुली धरलीत. ती भ्यालेली नाही, दुखावलीय. पहाटे उठून पुस्तक उघडणाऱ्या पोरीला बापानं असं विचारलं तर तिनं काय बोलावं? यंत्रातल्या नोंदीचा कागद मी मुद्दामच जोडला नाही. आपल्या पोरीवर विश्वास ठेवायला कागद लागू नये. सोमवारी मी तिला न्यायला येतेय आणि ती माझ्यासोबत येणार, यात मला काडीची शंका नाही. पण मी यायच्या आत तुम्ही तिला पुन्हा एकदा विचारा. आणि या वेळी ती बोलेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी,
शिवलीला