मागच्या चाकाखालची वीट

अबोली,

किल्ली खिळ्याला आहे, पण गाडीच्या मागच्या चाकाखालची वीट काढू नकोस. हॅन्डब्रेक लागत नाही, आणि आपल्या दारातला उतार तुला माहीत आहे. मागच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारे भाग, मी घरीच खोलून नवे सील घातले. मग घाई नडली. आधी ब्रेकचं पेडल दाबून दाबून पॅड डिस्कला टेकवायचे, ते सोडून मी हॅन्डब्रेकची केबलच आवळत बसलो. आता डावं चाक धरतं, उजवं मोकळं फिरतं. केबल सैल करून सगळं पुन्हा करायला हवं.

एकाने आत बसून दांडा ओढायचा, दुसऱ्याने खाली झोपून बघायचं, एवढंच काम. लहानपणी तू "ओढला, बाबा!" असं ओरडायचीस की गल्लीभर ऐकू जायचं.

मी जिलेबी आणायला गेलोय. उद्या तू गाडी कायमची इंदूरला नेणार, तर आज दुपारी तासभर आत बस.

शेजारचे गिरीश आठ दिवसांपासून म्हणताहेत, मी बसतो. मीच त्यांना रोज नको म्हणतोय.

बाबा